वळणावरचा विसावा : योगशिबिरांचा एक अभ्यास

‘विसावा’ या शब्दाचा नेमका अर्थ समजून घ्यावयाचा असेल तर पंढरीची वारी पाहावी. पालखीच्या वाटेवर मुक्काम वेगळा आणि विसावा वेगळा. मुक्कामाला रात्र काढावयाची असते. विसाव्याला पालखी घटकाभर टेकते, वारकरी पाय मोकळे करतात, पाणी पितात आणि पुन्हा चालू लागतात. विसावा म्हणजे वाट संपणे नव्हे आणि वाट सोडणे तर नव्हेच. पुढे चालता यावे म्हणून जे थांबणे, त्याला विसावा म्हणावयाचे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वारी हा नसून योगशिबिरे हा आहे. मी बिबवेवाडीत राहतो. एका बाजूला सातारा रस्ता, दुसऱ्या बाजूला मार्केट यार्ड आणि वर अप्पर इंदिरानगरचा चढ अशी ही वस्ती. पहाटे भाजीचे टेम्पो यार्डाकडे धावत असतात, त्याच वेळी हातात गुंडाळलेली सतरंजी घेतलेली माणसे एखाद्या सोसायटीच्या हॉलकडे चाललेली दिसतात. कोणी रोजच्या वर्गाला जातो, तर कोणी आठ-दहा दिवसांचे निवासी शिबिर करून आलेला असतो. या मंडळींशी थोडे बोलले की एक गोष्ट ध्यानात येते. केवळ कंबर दुखते म्हणून शिबिराला गेलेली माणसे थोडी. बहुतेकांच्या आयुष्यात काहीतरी नुकतेच बदललेले असते : नोकरी संपलेली असते, जोडीदार गेलेला असतो, मुले परगावी गेलेली असतात, किंवा लग्न होऊन नव्या घरात पाऊल पडलेले असते.

तेव्हा तीन प्रश्न उभे राहतात. आयुष्याच्या वळणावर अशा विसाव्याची गरज का भासते? शिबिरात नेमके काय घडते? आणि हा विसावा कोणाला मिळतो, कोणाला मिळत नाही? पहिल्या दोन प्रश्नांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. म्हणून या लेखाचा रोख मुख्यतः त्याच्याकडे आहे.

१. वळण म्हणजे काय?

आर्नोल्ड व्हॅन गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये संक्रमणविधींवर एक ग्रंथ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केला. जन्म, वयात येणे, विवाह, मृत्यू अशा प्रसंगी निरनिराळ्या समाजांत जे विधी होतात त्यांत त्याला तीन पायऱ्या दिसल्या : जुन्या स्थितीपासून अलग होणे, मधला उंबरठ्यावरचा काळ, आणि नव्या स्थितीत सामावून जाणे. पुढे व्हिक्टर टर्नर या मानवशास्त्रज्ञाने या मधल्या काळाचा विशेष अभ्यास केला. उंबरठ्यावर उभा असलेला माणूस धड आत नसतो आणि धड बाहेरही नसतो. जुने नाव गळून पडलेले असते आणि नवे अजून चिकटलेले नसते. खरी अडचण असते ती या मधल्या काळाची.

मानसशास्त्राच्या वर्गात आपण होम्स आणि राहे यांच्या मापनश्रेणीचे नाव ऐकले असेल. या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांची यादी करून, त्या पचविण्यास किती बळ लागते त्याप्रमाणे प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, निवृत्तीला ४५ गुण. यात नवल नाही. नवल आहे ते पुढेच. विवाहाला ५० गुण आहेत, म्हणजे निवृत्तीपेक्षाही अधिक. मोठे यश मिळाले तर २८. शिक्षण सुरू होणे वा संपणे याला २६, आणि सुट्टीवर जाण्यालाही १३! याचा अर्थ असा की मनाला ताण पडतो तो केवळ दुःखाने नव्हे, तर बदलाने. आनंदाचा बदलसुद्धा पचवावाच लागतो. गुणांचे आकडे सर्व समाजांना जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. तथापि मूळ विचार आपल्या अनुभवाशी जुळतो.

तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगावयास नको. परीक्षा झाली की ‘विद्यार्थी’ हे नाव गळून पडते आणि ‘काय करतोस?’ या प्रश्नाला काही काळ उत्तर नसते. आपणही उंबरठ्यावरच उभे आहोत.

२. परंपरेतील विसावे

असा मधला काळ ओळखून त्याला जागा करून देण्याचे शहाणपण आपल्या जुन्या रूढींत होते. रूढींचे सर्वच समर्थन करावे असे माझे म्हणणे नाही. अशौचाच्या कल्पनेने स्त्रियांना आणि दलितांना किती जाच केला हे आपण जाणतो. तरीही त्या रूढींच्या पोटात एक व्यवस्था होती आणि ती पाहण्यासारखी आहे.

घरात मृत्यू झाला की दहा दिवस सुतक. त्या काळात त्या घराकडून कोणी कामाची, समारंभाची अपेक्षा करीत नाही. चूल पेटत नाही तेव्हा शेजारचे लोक पिठलं-भात आणून देतात. बाळंतीण माहेरी जाते. सव्वा महिना तिला स्वयंपाकघराचे काम नसते, डिंकाचे-अळिवाचे लाडू आई करून घालते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. एरवी फिरणाऱ्या संन्याशाने या काळात एका ठिकाणी राहावयाचे. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आणि जैन साधूंचा चातुर्मास यांतही हेच तत्त्व. या सर्वांच्या जेवणाची काळजी गाव वाहतो. गृहस्थाश्रमातून मोकळे होताना एकदम संन्यास न सांगता मध्ये वानप्रस्थाची पायरी ठेवली, तीही याच जाणिवेतून असावी.

ही उदाहरणे एकापुढे एक मांडली की त्यांतील समान धागा दिसतो. प्रत्येक विसाव्यात चूल दुसरे कोणीतरी पेटविते. ज्याच्या आयुष्यात वळण आले आहे त्याच्या वाट्याची कामे काही दिवस इतर जण उचलतात, म्हणून त्याला थांबता येते. विसावा ही एकट्याने घ्यावयाची वस्तू नव्हे. ती समाजाने द्यावयाची आणि व्यक्तीने घ्यावयाची वस्तू आहे.

शहरात हे सारे आक्रसले. सुतक तीन दिवसांवर आले, बाळंतीण महिन्याभरात घरकामाला लागते, आणि निवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळ देऊन संध्याकाळी घरी पाठविले की समाजाचे काम संपते. ही जी जागा रिकामी झाली, तिच्यात आजची योगशिबिरे उभी आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

३. तीन वाटा

महाराष्ट्रात अशा विसाव्याच्या ज्या वाटा तयार झाल्या, त्यांतील तीन पाहू. विशेष म्हणजे या तिन्हींच्या मुळाशी, त्या घालून देणाऱ्यांच्या आयुष्यातील एकेक वळण आहे.

पहिली वाट लोणावळ्याची. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ चा. बडोद्याला प्रा. माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामविद्येचे धडे घेतले आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याकडे योगाचे. खानदेशात अमळनेर येथे ते राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात होते आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. ते महाविद्यालय बंद पडल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आयुष्याची दिशा बदलली आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांच्या आणि दाबमापकांच्या साहाय्याने तपासण्याचे काम त्यांनी केले. नौली क्रियेत मोठ्या आतड्यात दाब कमी होऊन पोकळी निर्माण होते हे दाखवून त्यांनी तिला आपल्या गुरूंचे नाव दिले. योग हा गूढ चमत्कार नसून तपासून पाहण्याजोगा विषय आहे, ही दृष्टी त्यांनी दिली. ते १९६६ मध्ये निवर्तले. संस्थेचे कार्य आजही चालू आहे.

दुसरी वाट आपल्या पुण्याचीच. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये गुरू कृष्णम्माचार्य यांच्या सांगण्यावरून पुण्याला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. बालपण आजारपणात गेलेले, मराठी येत नाही, आणि डेक्कन जिमखान्यावर शिकवावयाचे. १९६६ मध्ये त्यांचा ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ इंग्रजीत निघाला आणि त्यांचे नाव जगभर झाले. १९७३ च्या जानेवारीत त्यांच्या योगसंस्थेच्या जागेचे भूमिपूजन झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या पत्नी रमामणी यांचे निधन झाले. १९७५ मध्ये ती वास्तू पूर्ण होऊन ‘रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था’ या नावाने सुरू झाली. शिवाजीनगर भागातील ही वास्तू पाहताना पुष्कळांना हे ठाऊक नसते की ती एका शोकातून उभी राहिली आहे. अय्यंगारांची मोठी देणगी म्हणजे साधनांचा उपयोग. लोड, घोंगडी, लाकडी विटा, दोर, खुर्ची यांचा आधार देऊन त्यांनी थकलेल्या, आजारी, वृद्ध माणसालाही आसनात स्थिर राहता येईल अशी सोय केली. आधार घेणे हा कमीपणा नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे! २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरी वाट इगतपुरीची, विपश्यनेची. काटेकोर अर्थाने विपश्यना म्हणजे योगासने नव्हेत. ती बौद्ध परंपरेतील ध्यानपद्धती आहे. पण दहा दिवस घर सोडून राहण्याचा जो प्रकार आज सर्वत्र ओळखीचा झाला, तो हिच्यामुळे. सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशात मंडाले येथे जन्मलेले भारतीय व्यापारी. अर्धशिशीच्या त्रासाने गांजून ते १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि साधक झाले. १९६९ मध्ये भारतात येऊन त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात शिबिरे होऊ लागली. आज पुण्यातही, बिबवेवाडीपासून फार दूर नसलेल्या स्वारगेटजवळच्या दादावाडीत, या परंपरेचे केंद्र आहे. गोएंका २०१३ मध्ये निवर्तले.

४. शिबिरात नेमके काय घडते?

वडील ५८ व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि काही महिन्यांनी इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिरास गेले. पुढल्या वर्षी सुट्टीत मीही गेलो. त्यामुळे दिनक्रम प्रत्यक्ष पाहून सांगतो.

पहाटे चारला घंटा. साडेचारपासून ध्यान. साडेसहाला न्याहरी, अकराला जेवण, पाचला नव्या साधकांना चहा आणि फळ. रात्रीचे जेवण नाही. संध्याकाळी सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. मधला बहुतेक वेळ मांडी घालून बसणे. पहिले साडेतीन दिवस केवळ नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहावयाचा; नंतर डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना पाहावयाच्या. मौन तर इतके की शेजाऱ्याशी नजरेने, खुणेनेही बोलावयाचे नाही. वाचन, लेखन, फोन सारे बंद. दहाव्या दिवशी मौन सुटते.

हे वाचून कोणी विचारील की यात विश्रांती कोठे आली? गुडघे दुखतात, पाठ भरून येते, तिसऱ्या दिवशी पळून जावेसे वाटते. माझ्या मते विश्रांती आहे ती निर्णयांपासून. काय खावे, केव्हा उठावे, कोणाला काय उत्तर द्यावे, चेहरा कसा ठेवावा, यांपैकी काहीही ठरवावे लागत नाही. घंटा ठरविते. ज्याचे जुने नाव गळून पडले आहे, त्याला दहा दिवस कोणी ‘आता काय करणार?’ असे विचारीत नाही, हीच मोठी शांतता. वडील एवढेच म्हणाले होते, “तिथे मला कोणी ‘साहेब’ म्हटलं नाही आणि ‘निवृत्त’ही म्हटलं नाही.”

दुसरी गोष्ट श्वासाची. पतंजलींनी चित्तविक्षेप सांगताना व्याधी, संशय, आळस, अस्थिरता असे अडथळे मोजले आणि त्यांच्या सोबत्यांत दुःख, खिन्नता आणि शरीराची थरथर यांच्या जोडीला बिघडलेल्या श्वासोच्छ्वासाचीही गणना केली. मन विस्कटले की श्वास विस्कटतो हे निरीक्षण फार जुने आहे. त्याच्या उलट वाटेने, श्वास संथ करून मन संथ करता येते, हा उपायही तेथेच आहे. शरीरशास्त्र याला दुजोरा देते. संथ श्वसनाने, विशेषतः उच्छ्वास लांबविल्याने, स्वायत्त मज्जासंस्थेचा जो भाग शरीराला शांत करतो तो अधिक कार्यरत होतो आणि हृदयाची गती उतरते. हार्वर्ड विद्यापीठातील डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या शांत अवस्थेला ‘शिथिलीकरण प्रतिसाद’ अशा अर्थाचे नाव दिले.

तिसरी गोष्ट, दुःखाकडे पाहण्याची. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. म्हणजे विषाद हा योगाच्या वाटेतील अडथळा मानलेला नाही. तो पहिला अध्याय आहे. शिबिरात दुःख घालविले जात नाही, त्याच्यासमोर बसावयास शिकविले जाते.

५. स्वयंपाक कोण करते?

मी परत आल्यावर घरी उत्साहाने सारे सांगत होतो. आई पोळ्या लाटीत होती. तिने एकच प्रश्न विचारला, “अरे, तुमच्या त्या शिबिरात स्वयंपाक कोण करतं?”

प्रश्न साधा होता, पण त्याने या अभ्यासाची दिशा बदलली. उत्तर असे, की पूर्वी शिबिर केलेले साधक तेथे धम्मसेवक म्हणून येतात आणि इतरांसाठी राबतात. शिबिराला शुल्क नसते. आधीच्या साधकांच्या दानातून खर्च चालतो. आपण ज्या ताटात जेवतो ते कोणीतरी आपल्याआधी भरून ठेवलेले असते. परंपरेतील जो धागा वर पाहिला तोच येथेही आहे.

पण आईच्या प्रश्नाचा दुसरा अर्थही होता. वडिलांच्या दहा दिवसांत आणि माझ्या दहा दिवसांत घर कोणी चालविले? होम्स आणि राहे यांच्या यादीत निवृत्तीला ४५ गुण आहेत हे मला पाठ होते. त्याच यादीत ‘पती वा पत्नीने नोकरी सुरू करणे वा सोडणे’ यालाही २६ गुण आहेत आणि मुलगा वा मुलगी घराबाहेर पडण्याला २९. वडिलांची निवृत्ती आणि ताईचे लग्न एकाच वर्षी झाले. हिशेब केला तर वळण आईच्या वाट्यालाही आले होते. शिबिर मात्र तिच्या वाट्याला आले नव्हते. मी तिला जाण्याविषयी सुचविले तेव्हा ती म्हणाली, “दहा दिवस? आणि आजींचं पथ्यपाणी?”

आमच्या घरापासून मार्केट यार्ड पायी जाण्याजोगे आहे. तेथे पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला शिबिर विनाशुल्क असले तरी दहा दिवसांची मजुरी बुडणार, त्याचे काय? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने दहा दिवस रजा मागितली तर कामे टिकतील का? विसाव्याची किंमत केवळ शुल्कात मोजून चालत नाही. ती बुडालेल्या मजुरीत आणि न पेटलेल्या चुलीत मोजावी लागते. ज्यांना थकवा सर्वांत जास्त, त्यांनाच विसावा सर्वांत कमी, ही या विषयाची खरी व्यथा आहे. दरवर्षी २१ जूनला आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा होतो. २०१५ पासून हा क्रम चालू आहे. त्या दिवशी मैदाने भरतात. त्या वेळी घरी कोण थांबले आहे, हेही पाहावयास हवे.

६. घरचा विसावा : एक पाठ

वडिलांनी आणि मी मिळून ठरविले की आईला शिबिरास जाता येत नसेल तर शिबिर घरी आणावे. शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस निवडले. हा प्रयोग कोणालाही करता येण्याजोगा असल्याने त्याची रीत देतो.

पहिला नियम : ज्याच्यासाठी विसावा आहे त्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकावयाचे नाही आणि ‘आज काय करू?’ असे त्याला विचारावयाचेही नाही. हा दुसरा भाग विशेष महत्त्वाचा. भाजी मी चिरली पण ‘मीठ किती?’ हे आईलाच विचारले, तर काम माझे झाले आणि ओझे तिचेच राहिले. म्हणून तीन दिवसांचे जेवण आदल्या दिवशी कागदावर लिहून भिंतीला लावले. आजींच्या गोळ्यांच्या वेळाही त्यावरच लिहिल्या.

दुसरा नियम : फोन कपाटात. पाहुण्यांना आधीच कळवावयाचे.

तिसरा नियम : दिवसाचे तीन ठोके. सकाळी अर्धा तास सोपी आसने : ताडासन, मार्जारासन, पवनमुक्तासन. दुपारी जेवणानंतर दोन-अडीच तासांनी आधाराची विश्रांती : भिंतीजवळ सतरंजी घालून, कमरेखाली घडी केलेले घोंगडे घेऊन, पाय भिंतीला टेकवून दहा मिनिटे पडावे. ज्यांना रक्तदाबाचा किंवा काचबिंदूचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. त्यांनी पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पडावे. संध्याकाळी दिवेलागणीनंतर वीस मिनिटे मौन आणि शवासन.

शवासन सर्वांत सोपे दिसते आणि सर्वांत अवघड असते. ‘हठप्रदीपिका’ या जुन्या ग्रंथात त्याचा समावेश आहे आणि थकवा घालविणे व चित्ताला विसावा देणे हा त्याचा हेतू सांगितला आहे. पाठीवर उताणे पडून पायांत थोडे अंतर ठेवावे, तळहात वर, मानेखाली पातळ घडी. मग टाचा, पोटऱ्या, मांड्या, पोट, खांदे, जबडा, जीभ, डोळ्यांच्या खोबणी असे एकेक स्थान आठवून सैल सोडावे. जिभेला विसरू नये; बोलावयाचे नसतानाही ती ताठ असते. नंतर श्वास मोजावा : आत घेताना तीनपर्यंत, सोडताना पाचपर्यंत. श्वास रोखू नये. झोप लागली तर लागू द्यावी. उठताना आधी उजव्या कुशीवर वळावे आणि मग हाताचा आधार घेऊन बसावे.

पहिल्या दिवशी आई नेहमीप्रमाणे पाचला उठून दूध तापवावयास निघाली आणि उंबरठ्यावर थबकली. दुपारी पडली, पण कान कुकरच्या शिट्ट्यांकडे. दुसऱ्या दिवशी ती तीन तास झोपली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मौन सुटल्यावर, ती आपण होऊन बोलली. म्हणाली, “अहो, राग मानू नका. अकरा ते पाच हे घर माझं असायचं. तुम्ही रिटायर झालात आणि माझी दुपार गेली.”

तीस वर्षांत ती दुपारी काय करीत असे हे आम्हांला ठाऊक नव्हते. ती रेडिओ ऐके, जुने दिवाळी अंक पुन्हा वाची, कधी नुसती खिडकीशी बसे. वडील थोडा वेळ गप्प राहिले. नंतरच्या आठवड्यापासून ते दुपारी वाचनालयात जाऊ लागले आणि तेथे त्यांना स्वतःचा वेळ घालविण्याची वाटही सापडली. एका तक्रारीतून दोघांचे वळण सुकर झाले. तीन दिवसांच्या विसाव्याने प्रश्न सोडविला नाही. प्रश्न ओठांवर येण्याइतकी शांतता मात्र दिली.

७. मर्यादा आणि समारोप

दोन मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी, की शिबिर हा वैद्यकीय उपचार नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, जगणे नको वाटणे, भास होणे अशी लक्षणे असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. दीर्घ मौन आणि ध्यान अशा अवस्थेत अपायकारक ठरू शकते. म्हणूनच विपश्यनेच्या प्रवेशअर्जात मानसिक आजाराविषयी विचारलेले असते आणि तेथे खरे उत्तर देणे अत्यावश्यक आहे. दुसरी मर्यादा पळवाटेची. काही जण एका शिबिरातून दुसऱ्या शिबिरात जात राहतात आणि घरचा प्रश्न तसाच राहतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप आणि जागरण या सर्वांत प्रमाण राखणाऱ्यालाच योग दुःखनाशक होतो असा विचार आहे. विश्रांतीलाही हे प्रमाण लागू आहे. विसाव्याचा मुक्काम झाला की पंढरी दूरच राहते.

सारांश, आयुष्याच्या वळणावर थांबण्याची गरज ही दुबळेपणाची खूण नसून माणसाच्या घडणीचाच भाग आहे. आपल्या पूर्वजांनी ती ओळखली होती, मानववंशशास्त्राने तिची पायरी दाखविली, आणि लोणावळा, पुणे, इगतपुरी येथील साधकांनी तिला आजच्या काळाचे रूप दिले. पण प्रत्येक विसाव्यामागे कोणाचे तरी हात राबत असतात. ज्याला विसावा मिळाला त्याने तो दुसऱ्याला दिला तरच ही परंपरा पूर्ण होते; धम्मसेवकाची रीत हेच सांगते.

या वर्षी आपल्यापैकी पुष्कळ जण महाविद्यालयाचा निरोप घेतील. निकाल लागेपर्यंतच्या काळात शक्य असेल त्याने एखादे शिबिर अवश्य करावे. ज्याला ते शक्य नाही त्याने दररोज वीस मिनिटे सतरंजीवर पडावे आणि श्वास मोजावा. आणि दोघांनीही घरात एकदा विचारून पाहावे, की तुमचा विसावा केव्हा? उत्तर बहुधा ‘मला कुठली सवड?’ असेच येईल. ते उत्तर आले की भाजी चिरावयास बसावे.